रॉड येईपर्यंत

बडोद्यात जानेवारीत वादळ आलं होतं असं सांगितलं की बाहेरगावचे पाहुणे हसतात. दोन-तीन वर्षांपूर्वी मीही हसले असते. उत्तरायण होऊन आठवडा झाला होता, तुटलेल्या पतंगांचे दोरे अजून तारांवर लोंबत होते, आणि दुपारी चारच्या सुमाराला आमच्या ऑफिसात एकच चर्चा चालली होती, ती म्हणजे चहा अजून का आला नाही. मावठं येणार असं हवामान खात्याने सांगितलं होतं खरं. पण मावठं म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यातला चुकार पाऊस. तासभर पडतो, शेतकऱ्याच्या शिव्या खातो आणि निघून जातो. त्या दिवशी पाऊस मागे राहिला आणि वारा पुढे आला. भर दुपारी अंधारून आलं, पत्रे उडाले, आणि मग लिंबाएवढ्या गारा पडल्या. अर्ध्या तासाने मी बाहेर येऊन पाहिलं तर सुभानपुऱ्याच्या मोठ्या रस्त्यावर चार झाडं आडवी, दोन खांब वाकलेले आणि एक तार रिकाम्या रिक्षावर पडलेली. आत येईपर्यंत टेबलावरचे तिन्ही फोन वाजायला लागले होते.

मी तेव्हा वीज कंपनीत डेप्युटी इंजिनियर होते आणि शहराच्या पश्चिमेकडचा एक तुकडा माझ्या ताब्यात होता. ताब्यात हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण मला तसंच वाटायचं. माझे आजोबा संस्थानाच्या काळात हिशेबखात्यात होते, वडील कॉलेजात शिकवायचे, आणि मी वीज शिकणार म्हटल्यावर घरात दोन दिवस कोणी माझ्याशी नीट बोललं नव्हतं. मुलीने खांबाखाली उभं राहून माणसांना हुकूम सोडायचे, हे त्यांच्या डोळ्यांपुढे येईना. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तेच यायचं, आणि खरं सांगायचं तर ते मला छान जमायचं.

वादळात घाबरणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. काही धावत सुटतात, काही बसून राहतात. मी कागद काढते. त्या संध्याकाळी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी माझा सगळा भाग हाताने काढला. अकरा फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघून एकेका वस्तीला वीज नेणाऱ्या अकरा मोठ्या लाइनी. कुठे झाड पडलं, कुठे खांब गेला, कुठे दवाखाना आहे, कुठे पाण्याची टाकी, सगळं त्यावर मांडलं. पाऊस थांबेपर्यंत एकाही माणसाला वर चढू दिलं नाही. झाडं कापणाऱ्यांना पहाटेची वेळ दिली, लाइनमनना घरी जाऊन झोपा म्हणून सांगितलं. वरच्या साहेबांचा फोन आला की लोक ओरडताहेत. मी म्हटलं, ओरडू देत, दमलेली माणसं खांबावर चढवून मला प्रेतं मोजायची नाहीत. साहेबांनी फोन ठेवला. हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोघांना ऐकवलं.

सकाळी सहाला आम्ही सुरुवात केली आणि साडेदहापर्यंत अकरापैकी दहा फीडर चालू झाले; त्यांच्या लहान फाट्यांवरची किरकोळ कामं तेवढी बाकीच्या गँगकडे राहिली. दुसऱ्या कोणत्याही भागात निम्मेसुद्धा झाले नव्हते. मी साहेबांना स्वतः फोन करून सांगितलं की बाराच्या आत माझा अकरावाही चालू होईल, मग माझी माणसं मी दुसऱ्यांच्या मदतीला पाठवीन. साहेब म्हणाले, घाई नाही. मी म्हटलं, बारा म्हणजे बारा. हा शब्द मी मागितल्याशिवाय दिला होता, हे लक्षात ठेवायला हवं.

अकरावा फीडर आमच्याच सोसायटीवरून जाणारा होता. सोसायटीच्या मागच्या बाजूला, मैदानाच्या कडेला, एक मोठा कडुलिंब मोडून लाइनीवर आला होता. झाड सकाळीच कापून झालं होतं. तार तुटून लोंबत होती, ती ओढून जोडायची एवढंच काम राहिलं होतं, आणि त्या कामावर मी माझा सगळ्यात जुना लाइनमन पाठवला होता.

त्यांना सगळे काका म्हणत. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, पण खांबावर चढताना पाहिलं तर कोणाला पटलं नसतं. बोलणं कमी, तंबाखू जास्त. बाजव्याला रिफायनरीच्या बाजूला त्यांचं घर होतं आणि तिथून ते रोज सायकलने यायचे. मी नवी नवी इंजिनियर झाले तेव्हा ज्या माणसाने मला न हसता सगळं समजावून सांगितलं, तो हाच माणूस. माझ्या खुर्चीत बसलेली मी त्यांची साहेब होते, पण ते मला बेनच म्हणत, आणि मीही त्यांना कधी नावाने हाक मारली नाही.

आता कामाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. लाइनीवर माणूस चढवायचा असेल तर आधी सबस्टेशनातून ती लाइन बंद करतात आणि ती बंद आहे अशी परवानगी आम्हाला देतात. तिला लाइन क्लिअर म्हणतात. ती परवानगी माझ्याकडे येते, मी फोनवर ‘चढा’ म्हणते आणि माणूस चढतो. म्हणजे माझ्या एका शब्दावर तो अकरा हजार व्होल्टच्या तारेला हात घालतो. पण त्याच्या आधी आणखी एक गोष्ट करायची असते. लांब दांड्याचा एक रॉड असतो, त्याच्या टोकाला आकडा, आकड्याला जाड वायर, आणि वायरीचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेलं. हा रॉड खालून लांबूनच तारेवर अडकवायचा. मग कुठून चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाते, माणसात जात नाही. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि मी स्वतः दरवर्षी सगळ्यांना वाचून दाखवते.

त्या दिवशी माझ्याकडे गँग सहा होत्या आणि चांगले रॉड पाच. सहावा आदल्या दिवशी झाडाखाली चेपला होता. काकांच्या गँगचा रॉड मी सकाळी बाजव्याकडच्या कामावर पाठवला होता, तिथलं काम संपलं होतं, आणि एक जण तो मोटरसायकलवरून घेऊन निघाला होता. पण रस्त्यात झाडं. तो केव्हा पोचेल ते देवच जाणे.

सव्वाअकराला सबस्टेशनातून लाइन क्लिअर आली. मी काकांना फोन लावला आणि म्हटलं, लाइन बंद आहे, चढा. ते म्हणाले, सळियो आव्यो नथी. रॉड त्यांच्या भाषेत सळियो. मी म्हटलं, माहीत आहे, पण लाइन दोन्ही बाजूंनी बंद आहे, परवानगी माझ्या हातात आहे, अर्ध्या तासाचं काम, उरकून टाका. मग ते शांतपणे म्हणाले, “बेन, तमारा पर भरोसो छे. गाम पर नथी.”

तुमच्यावर विश्वास आहे, गावावर नाही. आज मला हे वाक्य फार मोठं वाटतं. तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचं नखरेल बोलणं वाटलं आणि माझं डोकं फिरलं. ऑफिसात मी दिवसभर गुजराती बोलते. मराठी घरी, आणि राग अनावर झाला की. आमच्याकडच्या माणसांना हे ठाऊक आहे. बेन मराठीत सुरू झाल्या की सगळे मान खाली घालून कामाला लागतात, अर्थ कळो न कळो. मी मराठीत सुरू झाले. म्हटलं, तीस वर्षं झाली मला या कामात, मला अक्कल शिकवू नका. बारा वाजता लाइन चालू झाली नाही तर तुम्हाला इथे बोलावून बाकड्यावर बसवीन आणि दुसरा माणूस चढवीन. चढा म्हटलं की चढायचं.

त्याच वेळी माझा दुसरा फोन वाजत होता. घरचा. मी तो उचलून दुसऱ्या कानाला लावला.

माझे यजमान निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत. घरातला बल्ब गेला तर तो मी बदलते. पण सोसायटीत त्यांचा मान विजेच्या बाबतीत फार मोठा, कारण ते ‘लाइटवाळा बेन’चे मिस्टर. कोणाचा मीटर जोरात पळाला, कोणाचा फ्यूज उडाला, की लोक यांनाच विचारायला येतात, आणि आमचे हे, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं हा शिक्षकाचा धर्मच असल्यामुळे, काहीतरी सांगतात. मला याची गंमत वाटायची. एकदा मी म्हटलंसुद्धा होतं की तुम्हाला कंपनीने पगार द्यायला हवा.

त्या दिवशी सोसायटीत एका घरी लग्न होतं. कमूरता, म्हणजे संक्रांतीपर्यंतचे लग्नाला वर्ज्य दिवस, संपले की बडोद्यात लग्नांचा नुसता सपाटा सुरू होतो. मंडपवाल्याने मोठा जनरेटर आणून ठेवला होता. सकाळपासून टाक्यांत पाणी नाही, पाहुणे आलेले, आंघोळी खोळंबलेल्या. मंडपवाल्याने सुचवलं की माझ्या जनरेटरची वायर सोसायटीच्या बोर्डाला लावा, पंप चालू करा, सगळ्यांना पाणी मिळेल. सगळे यांच्या तोंडाकडे बघायला लागले. यांनी मात्र, हे मी आजही त्यांच्या बाजूने सांगते, स्वतःच्या बुद्धीने उत्तर दिलं नाही. त्यांनी मला फोन केला.

“अगं, मंडपवाल्याचा जनरेटर आहे, पंपाला लावू का?”

एका कानात काका गप्प होते. दुसऱ्या कानात हे विचारत होते. मी म्हटलं, “लावा, काय हवं ते लावा, मला आता फोन करू नका.”

सोसायटीचा मेन स्विच खाली पाडून मग जनरेटर लावायचा, ही एवढीशी गोष्ट मी सांगितली नाही. मेन पाडला नाही तर जनरेटरची वीज पंपाला जाते तशी उलटीही जाते, वायरीतून मागे, सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत. ट्रान्सफॉर्मर नेहमी मोठी वीज लहान करतो. उलटी आलेली लहान वीज तो तितक्याच इमानाने मोठी करतो आणि वरच्या तारेवर सोडतो. सबस्टेशनात लाइन बंद, माझ्या हातात परवानगी, आणि तरी तार जिवंत. हे मी नव्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवते. फळ्यावर आकृती काढून शिकवते. पण फळ्यावरच्या आकृतीत माझं घर नसतं.

मी एक फोन ठेवला. दुसऱ्यावर काकांना पुन्हा विचारलं, चढताय ना? ते म्हणाले, “सळियो आवे पछी चडीश,” रॉड आल्यावरच चढेन, आणि त्यांनी फोन बंद केला. माझा फोन त्यांनी त्याआधी कधी बंद केला नव्हता. मी इतकी चिडले की समोरच्या क्लार्कला म्हटलं, यांची बदली गोडाउनला करायची, निवृत्तीपर्यंत बसू देत वायरीची भेंडोळी मोजत. मग मी दुसऱ्या लाइनमनला शोधायला लागले. तो जवळ होता, तरुण होता, आणि मी चढ म्हटलं असतं तर चढला असता. तो भेटला नाही, कारण त्याच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं. आदल्या दिवसापासून वीजच नव्हती ना.

पावणेबाराला काकांचा फोन आला. आवाज नेहमीचाच, फक्त शब्दांच्या मध्ये श्वास जरा जास्त.

“बेन, लाइन जीवती छे.”

रॉड आला होता. त्यांनी वायरीचं टोक जमिनीत ठोकलं, दांडा उचलला आणि खालून तारेला आकडा लावला, तर फाडकन मोठा आवाज झाला आणि ठिणग्यांचा लोट उडाला. मी म्हटलं, शक्य नाही. सबस्टेशनला विचारलं, तर तिथे लाइन बंदच होती, कुलूप घातलेलं. मी नकाशाकडे बघत राहिले. मला काहीच कळेना. तेवढ्यात दुसरा फोन वाजला. पुन्हा घरचा.

“अगं, तू फोन करू नको म्हणालीस, पण तो जनरेटर बंद पडला बघ,” हे म्हणाले. “छान पाच-सात मिनिटं चालला, मग एकदम घुरघुरला आणि गचकला. काय झालं असेल?”

काकांचा आकडा तारेला लागला त्याच क्षणी तो गचकला होता. काय झालं ते मला कळलं होतं. सव्वाअकराला मी चढा म्हटलं तेव्हा काका चढले असते तर पावणेबाराला त्यांचे दोन्ही हात तारेवर असते. खाली दोघं जण दोर धरून वर बघत असते. मैदानाच्या पलीकडे, कुंपणाच्या आत, लोक बादल्या घेऊन नळापाशी उभे असते, आणि माझे यजमान पंप चालू झाला म्हणून समाधानाने हात झटकत असते. आणि दोन्हीकडे हो म्हणणारी मी, नकाशासमोर, दोन फोन हातात घेऊन. मी खुर्चीवर बसले आणि टेबलाची कडा धरून ठेवली.

मग मी उठले. एवढं मी माझ्या बाजूने सांगू शकते. सहाही गँगचं काम मी थांबवलं, सगळ्यांना खाली उतरवलं, ज्या ज्या लाइनीवर काम चाललं होतं तिथल्या प्रत्येक जनरेटरचा पत्ता काढायला माणसं पाठवली. तसे आणखी दोन निघाले, एक लग्नाचा आणि एक आइस्क्रीमवाल्याचा. साहेबांना फोन करून सांगितलं की बाराला होणार नाही, केव्हा होईल ते सांगता येत नाही. मग जीप घेऊन निघाले.

सोसायटीत नवरी मुलगी हळदीच्या कपड्यांत ओट्यावर बसली होती. मंडपवाला जनरेटरच्या पोटात डोकं घालून बघत होता. मी त्याची वायर बोर्डातून उपटून काढली आणि गोळा करून जीपमध्ये टाकली. हे पुढे आले. मी त्यांना बाजूला नेऊन दोन वाक्यांत सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं ते म्हणतील, तूच तर लावा म्हणालीस. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, “तो माणूस कसा आहे?” मी म्हटलं, बरा आहे. ते म्हणाले, “मग आधी त्याच्याकडे जा.”

काका मैदानात पारावर बसून तंबाखू मळत होते. रॉड तारेवर तसाच लटकत होता, आकड्यापाशी तार काळी पडलेली. मी जवळ गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. जनरेटर कोणाचा, कोणी लावला, कोणाला विचारून लावला. त्यांनी ऐकून घेतलं. हातातली तंबाखू तोंडात टाकायची ते विसरले. मग म्हणाले, पाणी आलं का पण सोसायटीत? मी म्हटलं, थोडं आलं. ते म्हणाले, चला, तेवढं तरी झालं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही, कारण लपवायला जागाच नव्हती, मैदान उघडं होतं.

मी पुन्हा सबस्टेशनातून परवानगी घेतली, सोसायटीचा मेन स्वतः पाडून त्याला कुलूप घातलं, किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. काकांनी पट्टा बांधला आणि खांबापाशी जाऊन माझ्याकडे पाहिलं. रीतीप्रमाणे त्यांना माझा शब्द हवा होता. “चडूं?” त्यांनी विचारलं. एवढा साधा शब्द मला तोंडातून काढता येईना. मी रॉड पाहिला, मग जमिनीत ठोकलेलं टोक वाकून पाहिलं, मग पुन्हा रॉड पाहिला. काका थांबले. त्यांना घाई नव्हती. शेवटी मी चढा म्हटलं आणि ते चढले, आणि तार जोडून खाली येईपर्यंत मी खांबाखालून हलले नाही. साडेतीनला फीडर चालू झाला. लग्न वेळेवर लागलं आणि आम्हाला जेवायला बोलावणं आलं. हे गेले, मी गेले नाही.

दोन दिवसांनी मी अहवाल लिहिला. त्यात मी काय बोलले ते दोन्ही वेळचं जसंच्या तसं लिहिलं, चढा हेही आणि लावा हेही. साहेबांनी दुसरं पान वाचून माझ्याकडे परत सरकवलं आणि म्हणाले, कोणाला इजा झालेली नाही, हे कशाला? मी ते पान पुन्हा त्यांच्याकडे सरकवलं. मला लेखी ठपका मिळाला, तो मी घरी आणून यांना वाचून दाखवला. यांनी त्यातल्या दोन चुका काढल्या, भाषेच्या.

पुढच्या रविवारी मी बाजव्याला काकांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच जात होते, याची मला लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती. दोन खोल्या, पुढे अंगणात तुळस आणि धुतलेली सायकल. काका मला पाहून गडबडले, खुर्ची पुसायला लागले. त्यांच्या बायकोने चहा टाकला आणि चहा होईपर्यंतही तिला राहवलं नाही. हात ओले होते ते पदराला पुसून तिने माझे दोन्ही हात धरले आणि गुजरातीत सांगायला लागली की बेन, तुमचे उपकार कसे फेडू. यांनी मला सगळं सांगितलं. हे घाईने चढायला निघाले होते आणि तुम्ही फोनवर रागावून यांना खाली थांबवलंत, रॉड आल्याशिवाय चढाल तर याद राखा म्हणालात. तुम्ही ओरडला नसतात तर माझं घर बसलं असतं. तिने देवाजवळ माझ्या नावाने दिवा लावला होता. तोही तिने दाखवला.

मी काकांकडे पाहिलं. ते अंगणातल्या सायकलकडे बघत होते.

ते तसंच राहू दिलं असतं तर कोणाचंही काही बिघडलं नसतं. काकांनी ते खोटं माझ्यासाठी सांगितलं होतं, आणि त्यांच्या मते तो विषय तिथे संपला होता. मला ते गोड वाटलं, हे मी नाकारत नाही. माझ्यासारख्या बाईला आपलं कौतुक आयतं मिळालं की ते परत करणं जड जातं. पण तिने माझे हात अजून धरले होते, आणि त्याच हातांत त्या दिवशी दोन फोन होते.

मी गुजरातीतच सांगितलं. म्हटलं, मी ओरडले हे खरं आहे, पण मी चढा म्हणून ओरडले. थांबले ते काका, स्वतःच्या हिमतीवर, माझ्या शिव्या खाऊन. आणि तारेत वीज आली ती माझ्या घरातून.

तिने माझे हात सोडले नाहीत, पण तिची पकड सैल झाली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“एटले ए चड्या होत तो?” तिने विचारलं. म्हणजे हे चढले असते तर?

“तरीही मी आज आलेच असते,” मी म्हटलं. “पण चहाला नाही.”

तिने माझे हात सोडले. तिने चहा गाळला, एक कप माझ्यापुढे ठेवला, आणि मग मी आल्यापासून नवऱ्यापासून चार हात दूर उभी असलेली ती बाई त्यांच्या शेजारी खाटेवर जाऊन बसली. तिने त्यांचं मनगट धरलं, वैद्य नाडी बघतो तसं. काका संकोचाने हात सोडवायला लागले. तिने सोडला नाही. मी चहा पिऊन संपवेपर्यंत ती तशीच बसून होती, आणि मी कप खाली ठेवल्यावरही तिने मला बसा म्हटलं नाही.